तेरा नंबरची चौकट

माझ्या कपाटात पत्र्याचा एक चपटा डबा आहे. त्यात मी फोटोंच्या निगेटिव्ह ठेवतो. सहा-सहा चौकटींची एक पट्टी, प्रत्येक पट्टीला पातळ कागदाचं पाकीट, पाकिटावर नंबर. एका फिल्मच्या छत्तीस चौकटी, म्हणजे सहा पट्ट्या. डब्यात अशा एकोणीस फिल्म आहेत. अठरा पुऱ्या आहेत. एकोणिसावीत पस्तीसच चौकटी आहेत. तेरा नंबरची नाही.

मी रत्नागिरीत मोजणी खात्यात कारकून आहे. तेहतीस फुटी साखळी, तिचे आकडे, नकाशे आणि नोंदवह्या यांतच माझी वीसेक वर्षं गेली. कातळावरच्या बांधाचा वाद असो की आंब्याच्या चार कलमांचा, लोक तावातावानं बोलत असतात आणि आम्ही साखळी टाकून आकडा सांगतो. आकडा सांगितला की बोलणं थांबतं. असं वर्षानुवर्षं पाहिलं की माणसाला वाटायला लागतं, जगातल्या सगळ्याच गोष्टी अशा थांबवता येतात.

कॅमेरा माझ्याकडे आला तो मामेभावाकडून. तो पावसचा, बोटीवर इंजिनखात्यात होता. कुठल्याशा जर्मन बंदरात त्यानं हा लहानसा, मुठीत मावणारा, काळा कॅमेरा घेतला होता. पुढं डोळ्यांनी दगा दिला तेव्हा तो मला म्हणाला, "तू घे. यात आकडे भरपूर आहेत, तुझं मन रमेल."

खरोखरच रमलं. या कॅमेऱ्याला अंतर मोजायची खिडकी आहे. डोळा लावला की समोरची वस्तू दुहेरी दिसते. एका माडाचे दोन माड. भिंगाची कडी फिरवत गेलं की दोन्ही माड एकमेकांकडे सरकतात आणि एका जागी एक होतात. तिथं थांबायचं आणि कडीवर किती फूट आलं ते वाचायचं. मी पहिल्याच रविवारी अंगणात साखळी टाकून ती खिडकी तपासली. दहा फुटांना दहा, पंधराला पंधरा. वीस फुटांना एकवीस दाखवत होती. ती चूक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

वही म्हणजे माझी फोटोंची वही. प्रत्येक चौकटीचा नंबर, जागा, अंतर, भिंग किती उघडं, आणि सेकंदाचा कितवा भाग. नोंद फोटो घेतल्याबरोबर, तिथंच उभ्याउभ्या करायची. नंतर आठवून काहीही लिहायचं नाही, लिहिलेलं खोडायचं नाही. आमच्या मंडळी, म्हणजे माझी बायको, म्हणायच्या, "पोथी तरी सोवळ्यानं कुणी एवढी जपत नसेल." मी लक्ष दिलं नाही.

फोटो मी घ्यायचो, पण धुण्या-छापण्याचं काम माझं नव्हे. ते माझ्या एका मित्राचं. आम्ही मराठी तिसरीपासून एका बाकावरचे. त्याचं बाजारपेठेत औषधांचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत तो काढे-मिश्रणं करायचा, आणि खिडक्यांना काळं कापड ठोकून तिथंच फोटो धुवायचा. द्रावणं मोजायचा हात त्याचा माझ्याइतकाच चोख. लाल दिव्यात फिल्म थाळीत पुढंमागं हलवत तो आकडे मोजायचा, मी घड्याळ धरायचो. पाच वर्षं आम्ही असं काम केलं. रविवारी, सणासुदीला निघायचं, कधी पावस, कधी सावर्डे, कधी नुसतंच खाडीच्या काठानं. तो बरोबर यायचा, पण कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. म्हणायचा, "घ्यायचं तू, उतरवायचं मी."

एकदा पावसच्या माडांचा एक फोटो काळवंडला. तो म्हणाला, तू वेळ कमी दिलास, साठावा भाग दिलास. मी म्हटलं, तिसावा. बरंच भांडलो. मग मी वही काढली. तिसावा होता. त्याचंच द्रावण शिळं झालं होतं. तेव्हा मी त्याला म्हटलं, "वहीत आहे ते घडलं, वहीत नाही ते घडलं नाही. एवढं लक्षात ठेव म्हणजे पुन्हा भांडण नको." तो हसून म्हणाला, "ठेवलं लक्षात."

त्यानं ते ठेवलं होतं.

त्या वर्षी शिमग्याला तो मला त्याच्या सासुरवाडीला घेऊन गेला. गाव देवरूखच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत. देवरूखपर्यंत सर्व्हिस मोटार, तिथून पुढं सात मैल पायी. देवीची पालखी देवळातून बाहेर पडते तो सोहळा फोटोत यावा असं मला फार दिवस वाटत होतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आठ दिवस आधीच माहेरी गेल्या होत्या. त्यांच्या भावाच्या घरी आमचा मुक्काम. माणसं अगत्याची. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं अजून आठवतं.

गावात मानाची दोन घरं. एक थोरलं, एक धाकटं. वहिनींचं माहेर म्हणजे धाकटं घर. पालखी देवळाच्या दारातून उठते त्या वेळी पुढच्या उजव्या दांडीला थोरल्या घरच्या पुरुषाचा खांदा लागतो. याला पहिला खांदा म्हणतात. एखाद्या वर्षी थोरल्या घरचा पुरुष गावात असूनही त्याचा खांदा लागला नाही, तर मान धाकट्या घराकडं जातो आणि पुन्हा मागं येत नाही. हे मला आदल्या दिवशी दुपारी थोरल्या घरच्या म्हाताऱ्यानंच सांगितलं. मी त्याच्या खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या उडव्यांचा फोटो घेत होतो. मित्र शेजारीच बसला होता.

म्हातारा सत्तरीला टेकलेला, उंच, डोक्याला पांढरं मुंडासं, त्याचा शेव, म्हणजे सुटं टोक, खांद्यावरून पुढं. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं बराच वेळ बघत म्हणाला, "भाऊसाब, ह्यात काय दिसतंय ता आमाला दावशाल?"

मी कॅमेरा त्याच्या डोळ्याला लावला आणि देवळाकडं वळवला.

"दोन देवळा हायत," तो म्हणाला.

"आता ही कडी फिरवा. हळू."

त्याच्या जाड बोटांना कडी सापडेना. मग सापडली. श्वास रोखून तो फिरवत राहिला आणि एकदम म्हणाला, "येक झाला."

कॅमेरा परत देताना त्यानं तो दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा दिला. मग म्हणाला, "एकतीस वरसा झाली मना खांदा देताना. माझ्या मागं पोरगा हाय, म्हमईला गिरनीत. औंदा त्याला रजा गावली नाय. देवीचा मुखडा त्याला धाडशाल काय? पालखी उठतंय तवाचा. तेवडाच दरसन व्हील त्याला."

मी म्हटलं, धाडतो. मुंबईचा पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी बाहेर आली तेव्हा मी देवळाच्या पायऱ्यांसमोर उभा होतो. अंतर पंधरा फूट. ढोल एवढे जवळ होते की छातीत बसत होते. गुलाल उडत होता. माझ्या फिल्मवर लाल रंग काळा येतो, हे मला माहीत होतं; फोटोत सगळ्यांच्या तोंडाला काजळी फासल्यासारखी दिसणार होती. पण देवीचा मुखवटा चांदीचा, तो लख्ख यायला हवा होता. पालखी उठली. पुढच्या उजव्या दांडीला म्हातारा, खांदा नीट लावून, मान वर. मी दोन प्रतिमा एक केल्या आणि बटण दाबलं. ही तेरा नंबरची चौकट.

वहीत नोंद केली. मान वर केली तेव्हा मित्र कानाशी होता. त्याला ढोलांवरून ओरडून बोलावं लागत होतं.

"मुंडाशाचा शेव देवीच्या तोंडावर येतोय. म्हाताऱ्याला जरा बाजूला घे, नाहीतर मुंबईला नुसतं मुंडासंच जाईल."

मी हसलो. त्याचं खरं होतं. शेव मुखवट्याच्या अर्ध्यावर आला होता. मी हात वर करून म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, दोन पावलं इकडं या. एकच क्षण. देवी दिसत नाही."

त्यानं दांडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दिसंल न्हवं पोराला?"

"दिसेल."

म्हातारा दांडीखालून निघाला आणि दोन पावलं बाजूला झाला. मागून मित्राच्या मेहुण्यानं पुढं होऊन खांदा दिला, पालखी कलू नये म्हणून द्यावाच लागतो तसा. ऊन वर आलं होतं म्हणून मी वेळ साठाव्या भागावर आणली आणि चौदावी चौकट घेतली. हात खाली केला. म्हातारा परत दांडीखाली गेला, मेहुणा मागं सरला. या सगळ्याला मनात दहा आकडे म्हणण्याएवढाही वेळ गेला नसेल. पालखी पुढं निघाली.

वहीत मी लिहिलं: तेरा, पालखी, देवळाचं दार, पंधरा फूट, भिंग साडेचार, तिसावा. चौदा, तेच, पंधरा फूट, साडेचार, साठावा. मी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं हे लिहिलं नाही. तसलं काही मी कधीच लिहीत नसे. माझ्या वहीत माणसांना रकाना नव्हता.

रत्नागिरीला परतल्यावर मला दोनच दिवसांत मोजणीच्या कामावर सावर्ड्याला जावं लागलं, दीड महिना. फिल्म मित्राकडं दिली. तो म्हणाला, "तू निर्धास्त जा. धुतो, कापतो, मुंबईला एक छापून धाडतो." पहिल्यांदाच फिल्म धुताना मी घड्याळ धरायला नव्हतो. परत आलो तेव्हा निगेटिव्ह पाकिटांत घालून, नंबर टाकून तयार होत्या. मी त्या डब्यात ठेवल्या. मोजल्या नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी दोनदोनदा मोजणारा मी, त्या सहा पट्ट्या मोजल्या नाहीत. त्याच्या हातून आलेलं मोजायचं असतं हे मला कधी सुचलंच नव्हतं.

चैत्र संपता संपता पत्र आलं. अक्षर गावच्या मास्तरांचं, मजकूर म्हाताऱ्याचा. "फोटो मुंबईला पोचला नाही. पण गावात पोचला आहे. धाकटं घर म्हणतं की औंदा आमच्या थोरल्या घराचा खांदा नव्हता आणि फोटो साक्षी आहे. गावकी बसणार आहे. आपण यावे. आपण सांगाल ते खरे."

मी पत्र घेऊन दुकानात गेलो. मित्र खल घासत होता. पत्र वाचून म्हणाला, "मेहुण्यानं एक छाप मागितला, मी दिला. त्याचं ते काय करतात मला काय ठाऊक? चल, दोघं जाऊ. तू सांग, मिटेल."

मोटारीत आम्ही शेजारी बसलो. त्यानं बरोबर चकल्या घेतल्या होत्या. आम्ही खाल्ल्या.

गावकी देवळाच्या मंडपात बसली, सकाळी नऊच्या सुमाराला. तीसेक माणसं असतील. मधोमध पाटावर फोटो ठेवला होता, वर उडू नये म्हणून सुपारी. मित्रानं तो मोठा करून छापला होता, हातभर. फार सुरेख उतरला होता. देवीचा मुखवटा लख्ख, मागं देवळाचं दार, पुढच्या उजव्या दांडीला मेहुण्याचा खांदा. म्हातारा कुठंच नव्हता. दोन पावलं बाजूला म्हणजे चौकटीच्या बाहेर.

गावकीतल्या वडीलधाऱ्यानं मला विचारलं, "ह्यो तुमीच काडलाव?"

"मीच."

"कवाचा?"

"पालखी दारात उठली तेव्हाचा. पण बाबा तिथं होते. मीच त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, देवी दिसेना म्हणून."

मंडपात कुजबुज झाली. थोरल्या घरची माणसं म्हणत होती, आम्ही पाहिलं आहे, म्हातारा खांद्याला होता. धाकट्या घरची म्हणत होती, आम्ही नाही पाहिलं. उरलेल्यांनी सरळ सांगितलं की गुलालानं डोळे भरले होते आणि ते देवीकडं बघत होते, दांडीकडं कोण बघतो.

मेहुणा म्हणाला, "सायेब पाहुना मानूस. म्हाताऱ्याची दया आली आसंल त्यास्नी."

"दया नाही," मी म्हटलं. "झालं ते सांगतो."

तेव्हा माझा मित्र उठला. मला वाटलं, आता हा सांगेल. मुंडासं आड येतंय हे त्यानंच तर मला सांगितलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "यांच्याकडं वही असते. प्रत्येक फोटोची नोंद तिथल्या तिथं करतात. इतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. वहीत आहे ते घडलं, नाही ते घडलं नाही, हे त्यांचंच म्हणणं. वहीत पाहा म्हणजे झालं."

वही माझ्या पिशवीतच होती. मी ती दिली. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. चौदा, तेच, पंधरा फूट, साडेचार, साठावा. बाजूला घेतल्याचं काही नाही. वडीलधाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि साखळीचा आकडा सांगितल्यावर बांधावरचे लोक गप्प होतात तशी सगळी गप्प झाली.

मी मित्राकडं पाहिलं. तो टोपी नीट करत होता.

म्हातारा इतका वेळ खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "फोटू ऱ्हाऊ द्या. देवीला कौल लावा. ती काय सांगंल ता मना मान्य."

आमच्याकडं गावोगाव हीच रीत आहे. देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि उजवी कळी आधी पडते की डावी, त्यावर निकाल. पुजारी उठायलाही लागला होता. आणि मी त्याला थांबवलं.

मी म्हटलं, "कौलाची गरज नाही. पुरावा आहे. वहीत बघा, चौदाच्या आधी तेरा नंबर आहे. तेच दार, तेच अंतर. त्यात बाबा दांडीला आहेत. निगेटिव्ह माझ्या घरी आहे. मला आठ दिवस द्या, मी छापून आणतो."

म्हाताऱ्यानं विचारलं, "भाऊसाब, नक्की?"

"नक्की. बाबा, कळी वाऱ्यानंही पडते. फोटो पडत नाही."

हे मी बोललो. देवळात, देवीसमोर. आज लिहितानाही ते वाक्य पुसावंसं वाटतं, पण लिहिलेलं खोडायचं नाही हा नियम माझाच. म्हातारा थोडा वेळ देवीकडं बघत राहिला, मग पुजाऱ्याला म्हणाला, "ऱ्हाऊंदे कौल. भाऊसाब फोटू आनतील."

परतीच्या मोटारीत मित्र माझ्याशेजारी नव्हता. मेहुण्याकडं दोन दिवस राहतो म्हणाला.

वाटेत देवरूखला मोजणीच्या कामासाठी थांबावं लागलं, म्हणून तीन दिवसांनी घरी पोचलो. आल्यावर मी पाय धुतले आणि तसाच डबा काढून ओसरीवर उजेडात बसलो. तिसरं पाकीट. तेरा ते अठरा. पट्टी आकाशाकडं धरून मोजली. पाच. पुन्हा मोजली. पहिली चौकट म्हाताऱ्याशिवायची पालखी, म्हणजे चौदा. तिच्या आधीची कड अगदी सरळ कापलेली, फूटपट्टी लावून कापावी तशी. सगळ्या पट्ट्या मोजल्या. पस्तीस.

मंडळी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "काय शोधताय?"

"एक चौकट कमी आहे."

"पडली असेल कुठं."

"पडत नाही. कापावी लागते."

त्या सुपाकडं बघतच म्हणाल्या, "दुकानवाले भावोजी परवा दुपारी भेटले बाजारात. माझ्याकडं बघून रस्ता ओलांडला. मला वाटलं, ऊन लागतंय."

परवा तो सासुरवाडीला असायला हवा होता.

मी दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत उभा राहिलो. मग पट्टी त्याच्यासमोर काउंटरवर ठेवली.

"तेरा कुठं आहे?"

"हललेली होती," तो म्हणाला. "काही दिसत नव्हतं त्यात. टाकून दिली."

"पाच वर्षांत तू खराब चौकट कधी कापून टाकली नाहीस. काळी आली तरी पाकिटात घातलीस."

"या वेळी टाकली."

"म्हातारा होता त्यात."

त्यानं बाटल्या पुसायला घेतल्या. पुसलेल्याच पुन्हा. म्हणाला, "अरे, एका खांद्याचं काय घेऊन बसलास? म्हाताऱ्यामागं तिथं आहे कोण? पोरगा मुंबईत, उद्या येईल न येईल. मेहुणा गावात राबतो. तुझ्या वहिनीच्या माहेरचा प्रश्न आहे. तू उद्या कॅमेरा गळ्यात घालून दुसऱ्या गावाला जाशील. मला तिथं दरवर्षी जेवायला बसायचंय."

"मुंडाशाचं तू मला तिथंच सांगितलंस. तेव्हाच ठरवलं होतंस?"

"शेव आड येत होता. खोटं सांगितलं का मी?"

"गावकीत का नाही बोललास?"

"तू खोटं बोलतोस असं मी म्हटलं नाही," तो म्हणाला. "वही बघा म्हटलं. वही तुझी."

मी पट्टी उचलली आणि घरी आलो. त्यानं ते आधीच ठरवलं होतं की फिल्म धुताना लाल दिव्यात तेरा आणि चौदा शेजारी शेजारी दिसल्यावर सुचलं, हे मला आजही सांगता येत नाही. माहीत नाही ते मी लिहीत नाही. एवढं खरं, की त्या खोलीत तो फिल्म हलवत आकडे मोजत असेल तेव्हा त्याच्यासमोर घड्याळ धरून मी बसलेलो नव्हतो.

आठव्या दिवशी मी एकटाच गावाला गेलो. पाच चौकटींची पट्टी नेली. गावकीपुढं ती उजेडात धरून सांगितलं की इथं एक चौकट होती आणि ती कापली आहे. कापलेली कड दाखवली. लोकांनी पट्टी हातोहात फिरवली. त्यांना त्यात उलटे काळे-पांढरे डाग दिसले असतील. वडीलधारा सभ्यपणानं म्हणाला, "भाऊसाब, नसलेला फोटू आमी बगायचा कसा?"

मेहुण्यानं पट्टी न बघताच पुढं दिली होती. त्याला बघायची गरजच नव्हती.

मी म्हटलं, "मग कौल लावा. मी चुकलो. बाबांनी मागितला होता तो लावा."

पुजाऱ्यानं मान हलवली. देवीसमोर कौल नको म्हटल्यावर त्याच गाऱ्हाण्यावर पुन्हा लावत नाहीत. ती रीत नाही. आणि नको कोणी म्हटलं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

मान धाकट्या घराकडं गेला.

म्हातारा मला वाटेपर्यंत पोचवायला आला. मला वाटलं रागावेल. तो रागावला असता तर बरं झालं असतं. ओढ्यापाशी थांबून म्हणाला, "तुमी सरका म्हनलाव, मी सरकलो. त्यात तुमचा काय दोस? सरकायचा नव्हता मना." मग म्हणाला, "पोराला मुखडा धाडला काय?"

चौदा नंबरची निगेटिव्ह माझ्याकडं होती. देवी तीत लख्ख होती. पण तो फोटो मी त्या पोराला धाडू शकलो नाही. दांडीला कोणाचा खांदा आहे हे त्यानं पाहिलंच असतं.

त्यानंतरच्या फिल्म मी धुवायला मुंबईला पाठवतो आणि वेगळ्या डब्यात ठेवतो. बाजारपेठेत माझा मित्र आणि मी समोरासमोर येतो तेव्हा तो नमस्कार करतो, मीही करतो. वहीत मी एक रकाना वाढवला आहे. त्यात चौकटीत कोण होतं, आणि मी कोणाला काय करायला सांगितलं, ते लिहितो. एकोणिसाव्या फिल्मच्या पानावर मात्र मी नंतर काही लिहिलेलं नाही. तिथं ते लिहायचं होतं तेव्हा लिहिलं नाही.

पुढच्या शिमग्याला मी पुन्हा त्या गावी गेलो. कॅमेरा नेला नाही. कोणाकडं उतरलोही नाही, पहाटेच देवरूखहून चालत निघालो आणि पालखी उठायच्या वेळेला देवळापाशी पोचलो. म्हातारा गर्दीच्या कडेला, साधारण मी मागच्या वर्षी उभा होतो त्याच जागी उभा होता. दारापासून पंधरा फूट. त्याचा मुलगा मुंबईहून आला होता, शेजारी होता, गिरणीतल्या माणसासारखा कोट घालून. म्हाताऱ्यानं मला पाहिलं. माझ्या गळ्याकडं, मग हातांकडं पाहिलं.

"येंत्र नाय आनलाव आज?"

"नाही."

"मंग मी आज कुटं उबा ऱ्हाऊ?" तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नसावं. एकतीस वर्षं त्या वेळी त्याला उभं राहायची एकच जागा होती.

ढोल सुरू झाले. पालखी दारात आली, पुढच्या उजव्या दांडीला मेहुणा, त्याच्यामागं कुठंतरी माझा मित्र गुलालानं भरलेला. पालखी उठली तसा म्हाताऱ्याचा उजवा खांदा किंचित वर झाला, भार घेताना होतो तसा. मुलानं ते पाहिलं आणि मान फिरवली. मग म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की मी त्याच्या मागं उभा आहे. मुंडाशाचा शेव त्यानं हातानं गोळा करून छातीशी धरला आणि तो आपणहून दोन पावलं बाजूला झाला, मला देवी दिसावी म्हणून.